राणीची बाग आणि रानाचे देणे

गेल्या मे महिन्यात नातीला घेऊन राणीच्या बागेत जाण्याचा योग आला. बुधवारी बाग बंद असते हे ध्यानात ठेवून मंगळवार निवडला होता. तरीही भायखळा स्थानकापासून चालत निघालेली गर्दी पाहून आज साऱ्या मुंबईलाच सुटी आहे की काय, असे वाटले. हातात डबे, खांद्याला पाण्याच्या बाटल्या, कडेवर पोर आणि बोटाला दुसरे, अशी कुटुंबेच्या कुटुंबे फाटकातून आत जात होती. उद्यानाचे अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे होऊन कितीतरी वर्षे लोटली. पण मुंबईकराच्या तोंडी ती अजून राणीची बागच आहे. आणि या बागेत शिरणारा मुंबईकर आता उजवीडावीकडे फारसे न पाहता थेट पेंग्विन पाहावयास जातो.

आम्हीही गेलो. रांगेत आमच्या पुढे उभे असलेले एक गृहस्थ आपल्या मुलाला समजावून सांगत होते, की हे पक्षी बर्फात राहतात, म्हणून त्यांच्यासाठी हा सारा गारवा. मुलाने विचारले, "मग यांना इथे बर्फ का नाही ठेवला?" गृहस्थ निरुत्तर झाले. प्रश्न अगदी बिनतोड होता, कारण हे पक्षी मुळी बर्फातले नव्हेतच.

राणीच्या बागेत आहेत ते हम्बोल्ट जातीचे पेंग्विन. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, पेरू आणि चिली या देशांत त्यांची वस्ती असते. हा किनारा वाळवंटी आहे. तेथे पाऊस जवळजवळ पडतच नाही. पेरूची राजधानी लिमा विषुववृत्तापासून १२ अंशांवर आहे आणि आपली मुंबई १९ अंशांवर. म्हणजे बर्फातले म्हणून आपण ज्यांना काचेआड पाहतो, त्यांचे कित्येक भाऊबंद आपल्यापेक्षा विषुववृत्ताला अधिक जवळ राहतात. त्यांना गारवा मिळतो तो दक्षिणेकडून किनाऱ्याला लागून वर येणाऱ्या शीत प्रवाहाचा. या प्रवाहालाही त्याच जर्मन शास्त्रज्ञाचे, अलेक्झांडर फॉन हम्बोल्टचे, नाव आहे. त्या थंड पाण्यात आपल्या मांदेलीच्या गोतातली बारीक मासळी अफाट पिकते आणि तिच्यावर पेंग्विनापासून पेरूच्या मच्छीमारापर्यंत सगळे जगतात. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे शतकानुशतके साचलेले जाड थर या किनाऱ्यावर होते. पेंग्विन त्यांतच बिळे करून अंडी घालीत. एकोणिसाव्या शतकात युरोपातील शेतीला खत म्हणून ते थर खणून जहाजे भरभरून नेण्यात आले, आणि पेंग्विनांच्या पायाखालचे घरच गेले. त्यात अधूनमधून तेथला समुद्र तापतो, मासळी दूर जाते आणि पक्षी उपाशी मरतात. या तापण्यालाच 'एल निनो' म्हणतात. आपल्या पावसाच्या अंदाजात दरवर्षी धडकी भरविणारा तो हाच.

हे सारे मी नातीला जमेल तसे सांगितले. तिने काचेला नाक लावून सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मग आजोबा, यांच्या गावचा समुद्र कोण सांभाळतं?"

या प्रश्नाला उत्तर आहे. पेरूच्या दक्षिण भागात पुंता सान हुआन नावाचे एक भूशिर आहे. विषुववृत्तापासून ते १५ अंशांवर आहे, म्हणजे तेही मुंबईपेक्षा जवळच. हम्बोल्ट पेंग्विनांच्या उरल्यासुरल्या मोठ्या वसाहतींपैकी एक तेथे आहे. तेथील संरक्षण आणि संशोधन चालते त्यात अमेरिकेतील सेंट लुईस, शिकागो अशा शहरांच्या प्राणिसंग्रहालयांचा हात आहे. तेथल्या मुलांनीही आपल्या नातवंडांसारखेच काचेला नाक लावून पेंग्विन पाहिले. पण त्यांच्या शहराने त्या पाहण्याचे मोल पेरूच्या किनाऱ्यावर नेऊन भरले. आपण ते भरतो काय? हा प्रश्न कोणाला टोचण्यासाठी विचारलेला नाही. मुंबई महानगरपालिकेने तो स्वतःला विचारावा आणि उत्तर जाहीर करावे, एवढाच हेतू आहे.

या पेंग्विनांवरून आपल्याकडे राजकारण पुष्कळ झाले. २०१६ च्या जुलैत दक्षिण कोरियातील सोल येथून ८ पक्षी आणण्यात आले. त्यांतला एक त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात दगावला. २०१७ च्या मार्चमध्ये कक्ष लोकांना खुला झाला. त्याच वर्षी प्रवेशशुल्क मोठ्या माणसाला ५ रुपयांवरून ५० रुपयांवर गेले. २०१८ च्या स्वातंत्र्यदिनी पिल्लू जन्मले, भारतात जन्मलेले पहिले पेंग्विन म्हणून त्याचे कोडकौतुक झाले आणि आठवडाभरातच ते गेले. २०२१ मध्ये कक्षाच्या देखभालीसाठी तीन वर्षांचे जे कंत्राट निघाले ते सुमारे १५ कोटी रुपयांचे होते. त्यावरूनही वादळ उठले. या सर्व काळात पेंग्विन हा शब्द आपल्या सार्वजनिक जीवनात टिंगलीचा विषय होऊन बसला. बिचाऱ्या पक्ष्यांचा त्यात काही दोष नव्हता. पुढे आणखी पिल्ले जन्मली, जगली, वाढली. त्यांची निगा राखणाऱ्या कर्मचाऱ्यांचे त्याबद्दल कौतुकच केले पाहिजे. परंतु खर्चाचा आकडा मोठा की लहान, यावर सारी शक्ती खर्च झाल्यामुळे त्याहून मोठा प्रश्न बाजूला राहिला. प्राणी पिंजऱ्यात वाढला, एवढ्याने वन्यजीवांचे रक्षण होते काय? भायखळ्यात जन्मलेले पेंग्विन पेरूच्या समुद्रात जाणार नाही. ते येथेच जन्मेल आणि येथेच मरेल. त्याच्या जन्माने त्याच्या जातीच्या रानातल्या संख्येत एकाचीही भर पडत नाही.

मग प्राणिसंग्रहालयाने रानाला कधी काही परत दिले आहे काय? दिले आहे, आणि त्याची उदाहरणे सांगण्याजोगी आहेत. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील प्राणिसंग्रहालयाने १९०७ मध्ये १५ गवे आगगाडीने ओक्लाहोमाच्या कुरणात धाडले होते. अमेरिकेत कोट्यवधींनी चरणारे हे जनावर तोवर बंदुकीने जवळजवळ संपविलेले होते. कॅलिफोर्नियातल्या काँडोर या प्रचंड गिधाडाची कथा याहून चित्तथरारक आहे. १९८२ मध्ये जगात अवघे २२ काँडोर उरले होते. १९८७ मध्ये उरलेसुरले सगळे पकडून सान दिएगो आणि लॉस एंजलिस या दोन शहरांच्या प्राणिसंग्रहालयांच्या स्वाधीन करण्यात आले. त्या दिवशी आभाळात एकही काँडोर उरला नाही. पिल्लांना माणसाची सवय लागू नये म्हणून राखणदार हातावर काँडोरच्या मुंडक्याची बाहुली चढवून आडोशामागून त्यांना भरवीत. १९९२ पासून ती पिल्ले पुन्हा डोंगरांत सोडली जाऊ लागली आणि आज काँडोरांची संख्या ५०० च्या वर गेली आहे. त्यांतले निम्म्याहून अधिक मोकळ्या आभाळात आहेत.

पण परदेशाचे दाखले देऊन आपल्याला खजील करणे हा माझा हेतू नाही. आपल्या देशातच एक कथा घडली आहे आणि ती या दोहोंहून अधिक शिकविणारी आहे. ही कथा सुसरीची, लांब निमुळत्या तोंडाच्या घडियालाची आहे. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भारतातील नद्यांत घडियालांची संख्या २०० च्याही खाली गेली. कातड्यासाठी शिकार, अंड्यांची चोरी, मासेमारीची जाळी आणि धरणे या सगळ्यांनी मिळून हे काम केले. १९७५ मध्ये केंद्र सरकारने मगरींच्या रक्षणाचा प्रकल्प हाती घेतला. नदीकाठच्या वाळूतली अंडी काढून आणायची, ती उबवायची, पिल्ले मीटरभर लांबीची होईपर्यंत सांभाळायची आणि मग नदीत सोडायची, असा त्याचा क्रम होता.

ओडिशात भुवनेश्वरजवळ नंदनकानन नावाचे प्राणिसंग्रहालय आहे. तेथे घडियालाची मादी होती, पण जोडीला योग्य नर नव्हता. नर मिळाला तो कोठे, तर जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहराच्या प्राणिसंग्रहालयात! गंगा-महानदीच्या देशात जन्मणाऱ्या प्राण्याचा नवरामुलगा मायन नदीच्या काठाहून मागवावा लागला. १९८० मध्ये नंदनकाननात पिल्ले झाली. बंदिवासात घडियालाची पैदास होण्याची ती जगातील पहिली वेळ होती. प्राणिसंग्रहालयाच्या उपयोगाचा याहून सुंदर पुरावा शोधूनही सापडणार नाही.

तथापि कथा येथे संपवली तर ती अर्धीच राहील. घडियाल नद्यांत सोडले गेले, शेकड्यांनी सोडले गेले. पण चंबळ वगळता बहुतेक नद्यांत ते टिकले नाहीत. वाळू उपसली जात होती, जाळी लागतच होती. २००७ च्या अखेरीपासून पुढच्या काही महिन्यांत खुद्द चंबळीत १०० हून अधिक घडियाल मरून पडले. त्याच सुमारास जागतिक यादीत त्यांची गणना अत्यंत संकटग्रस्त जातींत झाली. महानदीत तर सोडलेली पिल्ले जणू पाण्यात विरघळून जात होती. पुढे सातकोसियाच्या घळीत काठच्या लोकांच्या साह्याने नदीची राखण झाली आणि २०२१ च्या मे महिन्यात तेथे २८ पिल्ले दिसली. सुमारे चार दशकांनंतर महानदीत घडियालाने आपणहून घरटे केले होते. नंदनकाननातल्या पहिल्या पिल्लांपासून महानदीतल्या या घरट्यापर्यंत ४१ वर्षे गेली. पिंजऱ्यातले काम सोपे होते असे कोणी म्हणणार नाही; पण पिंजऱ्याबाहेरचे काम त्याहून कितीतरी अवघड निघाले.

प्राणिसंग्रहालयांनी हेच करावे, असे आपल्या सरकारनेही मान्य केलेले आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यात १९९१ मध्ये दुरुस्ती होऊन १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. या प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय आज कोणालाही प्राणिसंग्रहालय चालविता येत नाही. १९९८ च्या राष्ट्रीय धोरणात तर देशातील वन्यजीवांच्या रक्षणकार्याला जोड देणे हेच प्राणिसंग्रहालयाचे मुख्य उद्दिष्ट म्हणून नमूद आहे. करमणूक हे मुख्य उद्दिष्ट नव्हे. आणि हे नुसते कागदावर राहिले आहे असेही नाही. हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयाने २०१० पासून पिसोरी या सशाएवढ्या हरणाची पैदास केली आणि ती पुढे नल्लमलाच्या जंगलात नेऊन सोडली. पिसोरी आपल्या सह्याद्रीतही आहे. पण महाराष्ट्रातल्या किती विद्यार्थ्यांनी तिचे नाव तरी ऐकले असेल? झेब्रा आणि जिराफ मात्र बालवाडीतल्या मुलालाही ओळखता येतात. आपल्या अंकलिप्या चाळून पाहाव्यात, म्हणजे याचे कारण कळेल.

मुंबईचे प्राणिसंग्रहालय सुमारे ५० एकरांचे आहे. एवढ्या जागेत हत्ती-गेंड्यांचे कळप नांदवता येणार नाहीत आणि तसा हट्टही धरू नये. १८६२ मध्ये ही बाग उघडली ती झाडांची बाग म्हणून. जनावरे मागाहून आली. आजही तिचे खरे वैभव झाडे हेच आहे. गोरखचिंचेच्या त्या अवाढव्य बुंध्याजवळ उभे राहिले म्हणजे मनुष्य आपोआप हळू आवाजात बोलू लागतो. २००७ च्या सुमारास येथे आंतरराष्ट्रीय थाटाचे प्राणिसंग्रहालय उभारण्याची योजना पुढे आली, तेव्हा या झाडांच्या काळजीने नागरिक उभे राहिले. तो विरोध योग्यच होता. आता विचार करावयाचा तो या झाडांच्या सावलीत काय शोभेल याचा. मला विचाराल तर सह्याद्रीतले लहान जीव शोभतील. पिसोरी आहे. वाघाटी हे चिमुकले रानमांजर आहे. त्याच्या पैदाशीचा प्रयोग बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात हाती घेण्यात आला आहे. आपला राज्यप्राणी शेकरू आहे. यांना लागणारी जागा थोडी, हवा येथलीच आणि सोडावयाचे रानही बहुतेक एका रात्रीच्या प्रवासाच्या अंतरावर.

आणि गिधाडे आहेत. गिधाड म्हटले की नाक मुरडणाऱ्यांनी मलबार टेकडीवरच्या डुंगरवाडीची आठवण करावी. पारशी समाजाचा अंत्यविधी पिढ्यान् पिढ्या ज्या पक्ष्यांच्या भरवशावर चालला, ते पक्षी १९९० नंतरच्या दशकात पाहता पाहता नाहीसे झाले. पांढऱ्या पाठीची गिधाडे तर देशभरात शंभरांत एकही उरली नाहीत. गुराढोरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध त्याच्या मुळाशी होते. मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याची मूत्रपिंडे निकामी करी. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. हरियाणात पिंजोर येथे गिधाडांची पैदास सुरू झाली ती ज्या संस्थेने पुढाकार घेतल्यामुळे, ती १८८३ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी याच मुंबईतली. पिंजोरची काही गिधाडे २०२४ मध्ये आपल्या पेंच आणि ताडोबाच्या जंगलांत आणण्यात आली. या कामात देशातील काही प्राणिसंग्रहालयेही सहभागी आहेत. जाणकार या शहरात आहेत आणि ज्यांचा पक्षी गेला तो समाजही या शहरात आहे. मग मुंबईच्या प्राणिसंग्रहालयात गिधाडाला मानाचे स्थान का असू नये?

येथे दोन्ही बाजूंनी आक्षेप येतील, याची मला जाणीव आहे. काही सुविद्य मंडळी म्हणतात, की पिंजरे हीच मुळात क्रूरता आहे. ही बाग झाडांपुरती ठेवावी आणि प्राणी हलवावेत. त्यांच्या भावनेचा मला आदर आहे. परंतु त्यांच्यापैकी बहुतेकांनी ताडोबात जीपगाडीत बसून वाघ पाहिलेला असतो. त्या एका सफरीचा खर्च ज्यांच्या महिन्याच्या पगारात बसत नाही, त्यांच्या मुलांनी वाघ कोठे पाहावा? २०२० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराहून, शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी राणीच्या बागेत आली, तेव्हा गिरणगावातल्या पोरांनी जो कल्ला केला असेल, त्याला तुच्छ लेखण्याचा अधिकार कोणालाही नाही. प्राण्याविषयी ममता पुस्तकातून येत नाही. ती जिवंत डोळ्याला डोळा भिडल्यावर येते. दुसरा आक्षेप व्यवहारी मंडळींचा. पिसोरी आणि गिधाड पाहावयास ५० रुपये मोजून कोण येणार, असे ते विचारतील. त्यांना माझे सांगणे असे, की पेंग्विन ठेवा. लोक पेंग्विन पाहावयास येतील, खुशाल येऊ देत. त्या गर्दीच्या पैशातला ठरावीक वाटा पिसोरीकडे, गिधाडाकडे आणि पेरूच्या त्या भूशिराकडे जाऊ द्या, म्हणजे झाले. देवळात गर्दी होते ती उत्सवाच्या दिवशी, पण उत्सवातली दक्षिणा वर्षभराच्या दिवाबत्तीला पुरते.

शिक्षकांना येथे एक विनंती करावीशी वाटते. सहलीला मुलांना आणता तेव्हा रांग, डबा आणि हजेरी यांतच दिवस जातो, हे मी स्वतः चाळीस मुलांना सांभाळून अनुभवले आहे. तरी निघण्यापूर्वी प्रत्येक मुलाला एकेक प्राणी वाटून द्यावा. त्याचे मूळ गाव कोठले, तेथे तो आज किती उरला आहे आणि का, एवढे तीनच प्रश्न वहीत लिहून आणावयास सांगावे. फलकावर उत्तर मिळाले तर उत्तम. न मिळाले तर मुलांनी ते उद्यानाच्या कार्यालयाला पत्र लिहून विचारावे. तीस शाळांची अशी तीनशे पत्रे टेबलावर पडली, म्हणजे कोणत्याही कार्यालयाला उत्तर शोधणे भाग पडते. कारकून वाचकांना हे अधिक विस्ताराने सांगावयास नको. आणि खडे मारणाऱ्या, काच बडवणाऱ्या, माकडापुढे वेफर्स नाचवणाऱ्या थोर नागरिकांना हटकण्याचे कामही मुलेच चांगले करतील. प्राणिसंग्रहालयातील प्राण्यास त्रास देणे हा कायद्याने गुन्हा आहे, हे त्या नागरिकांना कोणी सांगितलेले नसते.

बाहेर पडताना शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात नातीला दगडी हत्ती दाखविला. घारापुरीच्या बेटाला ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी एलिफंटा म्हटले, तो हा हत्ती. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना पडला आणि त्याचे तुकडे झाले. पुढे कित्येक वर्षांनी, १९१४ मध्ये, ते तुकडे येथे जोडून उभे केले. नातीने त्याच्या अंगावरचे सांधे बोटाने चाचपून पाहिले. मग स्थानकाकडे चालताना तिने पुन्हा तोच प्रश्न काढला. आपण दिलेल्या ५० रुपयांतले किती पैसे पेंग्विनांच्या गावाला जातील, असे ती विचारीत होती.

महापालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीत मांडला जातो. त्यात प्राणिसंग्रहालयाच्या खर्चापुढे असा एखादा रकाना आहे की नाही, ते पाहून सांगेन, असे मी तिला कबूल केले आहे.